एलडीसीची (सरकारी कनिष्ठ कारकुनाची) ऑर्डर आली आहे आणि मामांच्या ओसरीवर पेट्या दुरुस्तीला पडून आहेत. काय करू?

पेटीवाला_फोंडा

नमस्कार. लांबलचक लिहितोय, पण दोन ओळींत हे कळणार नाही.

मी 27 वर्षांचा, फोंडा तालुक्यातला. बी.कॉम. झाल्यापासून मामांकडे हार्मोनियम दुरुस्तीचं काम करतो. मागच्या आठवड्यात एका सरकारी खात्यातून एलडीसीचं नेमणूकपत्र आलं. लेव्हल 2, मूळ पगार 19,900, वर महागाई भत्ता आणि बाकीचं. आईने देवळात जाऊन नारळ ठेवला. गोव्यात सरकारी नोकरी म्हणजे काय ते इथे कुणाला सांगायला नको, लग्नाच्या बोलणीत पहिला प्रश्न तोच असतो.

आता काम काय आहे ते सांगतो, नाहीतर प्रश्नच कळणार नाही. पेटी आली की मामा आधी सगळे खुंटे आत ढकलतात, भाता भरतात आणि हात सोडून देतात. भाता किती सावकाश बसतो यावरून हवा किती गळते ते कळतं. मग झाकण काढायचं. साडेतीन सप्तकांची दुहेरी पेटी म्हणजे 42 पट्ट्या, 84 सूर. एकेक सूर म्हणजे पितळी पट्टीवर एका टोकाला रिबिट मारलेली पितळेचीच जीभ. टोकाकडे खरवडली की ती हलकी होते आणि सूर चढतो. रिबिटाकडे खरवडली की सैल पडते आणि सूर उतरतो. एक ओढा जास्त गेला तर दुसऱ्या बाजूने परत आणावा लागतो, आणि दर वेळी पितळ कमी होत जातं. असा पुन्हा पुन्हा ओढलेला सूर एखाद्या दिवशी ऐन भजनात तुटतो. म्हणून मामा पहिली काही वर्षं माझ्या हातात फक्त मोडक्या पेट्यांचे सूर द्यायचे. एकाच पट्टीचे दोन सूर, खालचा खर्ज आणि वरचा नर, एकत्र वाजवले की दोघांत एक थरथर ऐकू येते. खरवडत गेलं की ती मंद होत जाते, आणि जिथे ती थांबते तिथे हात थांबवायचा.

आपल्याकडे जूनपासून लाकूड फुगतं. पट्ट्या एकमेकींना घासतात, दाबलेली पट्टी वर येत नाही, चामड्याला बुरशी धरते, स्क्रू गंजतात. आणि नेमके तेव्हाच श्रावणातले सप्ताह, पाठोपाठ गणपतीची चवथ. त्या दिवसांत ओसरीवर पाय ठेवायला जागा नसते.

आणखी एक गोष्ट. मामांना आता वरच्या सप्तकातलं नीट ऐकू येत नाही. ते कुणाला सांगत नाहीत. शेवटच्या सहा-सात पट्ट्या आल्या की "तू बघ जरा" म्हणतात आणि चहा प्यायला आत जातात.

माझी अडचण अशी. लोक म्हणतात, ज्याचं जे काम असतं त्याला त्याचा कंटाळा येत नाही. मला येतो. जुनं चामडं खरवडून काढताना येतो, सरस लावून भाता दाबात ठेवताना येतो, उंदराने कुरतडलेली पेटी उघडताना तर नकोसं होतं. सूर लावायला बसलो की मात्र जेवणाची हाक ऐकू येत नाही. मग हे माझं काम आहे की नुसती सवय आणि मामांवरची माया? नुसती सवय असेल तर नोकरीत काय वाईट आहे? घरचे म्हणतात, संध्याकाळी आणि रविवारी पेट्या कर. मामांना विचारलं तर एकच शब्द बोलले, "घे."

ज्यांनी असं काही ठरवलं आहे त्यांनी सांगा. कसं ओळखलंत?

---

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स आहे, बार्देशात. तुमचा कंटाळ्याचा मुद्दा आधी घेते, कारण तो तुम्हाला उगाच छळतोय.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. पाठ बघायची, माकडहाड बघायचं, टाचा बघायच्या, कुठे कातडी लाल झाली आहे का. लाल दिसली आणि दुर्लक्ष केलं तर त्याची जखम होते, आणि ती भरायला महिने जातात. पहाटे चार वाजता हे करताना मला कधीच आनंद होत नाही. पाय दुखत असतात, डोळे मिटत असतात. वरिष्ठ कुणी बघत नसतं, पेशंटलाही कळत नसतं. तरीही मी टाच उचलून बघते, कारण न बघता पुढच्या बेडकडे मला जाता येत नाही. मी स्वतःपुरतं एवढंच ओळखलं आहे. तुम्ही कंटाळत का होईना, पण चामडं पूर्ण खरवडता की वरच्यावर नवं चिकटवता? याचं उत्तर तुम्हालाच माहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्याला काम मनापासून आवडतं, त्याच्याकडून कमी पैशात काम काढून घेणं सोपं जातं. मी आधी एका खाजगी ठिकाणी कंत्राटावर होते. कुणी आलं नाही की मला थांबवायचे. "तुझ्यासारखं जीव लावून कुणी करत नाही," असं म्हणत दुसरी पाळी गळ्यात घालायचे आणि तिचे पैसे देताना वाद घालायचे. हे माझ्याच नशिबी होतं असं नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांत काम करणाऱ्या रक्षकांवर बंडरसन आणि थॉम्पसन या दोघांनी अभ्यास केला होता, 2009 साली तो छापून आला. ज्यांना ते काम आपल्यासाठीच आहे असं वाटत होतं, त्यांना कामात अर्थही जास्त सापडत होता. पण तेच लोक पगार, आराम, स्वतःचा वेळ यांवर जास्त सहज पाणी सोडत होते, आणि व्यवस्थापनाला त्यांचा गैरफायदा घेणंही सोपं होतं. वाचताना मला आमचा वॉर्ड दिसत होता.

तुमच्याकडे भजनी मंडळं येतात ना? "देवाचं काम आहे, जरा कमी घ्या" असं म्हणत असतीलच. मंडपवाल्याला असं कुणी म्हणत नाही. तुम्ही काहीही ठरवा, पण आधी मजुरीचे दर कागदावर लिहून ओसरीवर लावा. खर्जाचा सूर लावायचे किती, भात्याचं चामडं बदलायचे किती, सगळं. मामांना ते जमलं नसेल, त्यांच्या पिढीला संकोच होता. तुम्ही करा.

---

टेबलाच्या_अलीकडे

मला थोडं खटकलं म्हणून लिहिते. एलडीसी म्हणजे "नुसती नोकरी" असं सगळ्यांनी धरूनच टाकलं आहे.

मी एका तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे. म्युटेशनच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीवरचं नाव बदलायच्या फाईली माझ्याकडे येतात. बाप वारला, भाऊ मुंबईला, बहीण कुवेतला आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, अशी माणसं समोर येऊन उभी राहतात. त्यांना कुठला कागद कमी आहे ते पहिल्याच खेपेला नीट लिहून दिलं तर त्यांच्या चार खेपा वाचतात. नाही दिलं तरी माझा पगार तेवढाच. मी लिहून देते.

1997 साली अमेरिकेत एमी व्झेस्निएव्स्की आणि तिच्या सहकाऱ्यांनी लोक आपल्या कामाकडे कसं बघतात याचा अभ्यास केला. पोटासाठी करायचं काम, वर चढण्यासाठी करायचं काम आणि आयुष्याचाच भाग असलेलं काम, असे तीन प्रकार. त्यात प्रशासकीय सहायकांचा एक छोटा गट होता, सगळ्यांचं काम साधारण सारखंच. तरी ते तिन्ही प्रकारांत जवळपास समसमान वाटले गेले. तेव्हा जीव लावायला फक्त पेटीच लागते असं नाही. तुम्ही पेटी निवडा, माझं काहीच म्हणणं नाही. पण टेबलाला कमी समजून निवडू नका.

---

डंपर_डिचोली

भावा, मी खाणीवर डंपर मेकॅनिक होतो. पगार चांगला, घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं. त्या कामावर माझं प्रेमबीम काही नव्हतं आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्या पैशातून जे उभं राहिलं त्यावर माझं प्रेम आहे.

2012 मध्ये एकदा बंद झालं. मग फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या आणि 16 मार्चपासून सगळं ठप्प. आमच्या गावात हप्त्यावर घेतलेले ट्रक दारात उभे राहून गंजले. कंपनीने आम्हाला घरी बसवलं. माझ्याबरोबरचे सुपरवायझर, वजनकाट्यावरचे, ऑफिसातले, त्यांना पुढे काय करायचं ते सुचेना. मी हायड्रॉलिक खोलून जोडू शकत होतो, म्हणून महिन्याभरात जेसीबीच्या कामाला लागलो.

सरकारी नोकरी खाणीसारखी बंद पडत नाही, ते कबूल. म्हणून मी तुला घे किंवा सोड असं काहीच सांगणार नाही. फक्त एक बघ. नोकरी घेतलीस आणि दहा वर्षं कानस हातात धरली नाहीस, तर तो हात परत येईल का? माझ्या धंद्यात येतो, पाना विसरत नाही. सुराचं मला माहीत नाही.

---

पायपेटी

पेटीवाल्या, तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. मी सरकारी खात्यात कारकून म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. आणि त्या सगळ्या वर्षांत जत्रांतल्या संगीत नाटकांना ऑर्गन, म्हणजे पायाने चालवायची पेटी, वाजवत आलो. तेव्हा सगळ्यांना वाटेल की हा म्हणणार, दोन्ही कर. मी तसं म्हणणार नाही, आणि का ते सविस्तर सांगतो.

माझं जमलं, कारण वाजवणाऱ्याचं काम रात्रीचं. जत्रेतलं नाटक पालखी झाल्यावर उभं राहतं, संपता संपता उजाडायला येतं. तिथून घरी, आंघोळ, आणि ऑफिस. मोसम पावसाळा सरल्यावरचा. अंगावर यायचं, पण घड्याळात बसायचं. गोव्यात नाटक आणि भजन ज्यांनी जगवलं ती माणसं अशीच होती: शाळामास्तर, पोस्टमन, बँकेतले, कदंब बसचे कंडक्टर. पोटाचं एकीकडे आणि जिवाचं दुसरीकडे ठेवून त्यांनी दोन्ही सांभाळलं. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला बंदी घातली होती, तीस वर्षं! त्या काळात पेटी काही मेली नाही. देवळांत, नाटकांत, घराघरांतल्या आरत्यांत वाजतच राहिली, आणि ती वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पोट पेटीवर नव्हतं. म्हणून नोकरी करून कला करणाऱ्याला कुणी अर्धा कलाकार म्हटलं तर मला राग येतो.

पण तुझं काम वाजवण्याचं नाही. सुरावर कानस चालवायची तर ताजा कान लागतो. दिवसभर फाईली उपसून, गर्दीच्या बसने परत येऊन, टीव्ही चालू असलेल्या घरात रात्री आठ वाजता तू ती थरथर ऐकणार आहेस? दोन दिवस ऐकशील. तिसऱ्या दिवशी "चालेल" म्हणशील, आणि पेटीच्या कामात "चालेल" हा शब्द शिरला की मामांची ओसरी संपली. त्यात तुझी कामं कधी येतात? सप्ताहाच्या आधी, चवथीच्या आधी. तेव्हाच ऑफिसातल्या प्रत्येकाला रजा हवी असते, आणि नव्या एलडीसीला ती सगळ्यांत शेवटी मिळते. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन चालतं. तिथे जाणारी पेटी "रविवारी देतो" म्हणून थांबत नाही.

आता नियम. हा तुला घरातलं कुणी सांगणार नाही. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, 1964, त्यातला नियम 15. सरकारी नोकराला परवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही. प्रसंगोपात्त कलेचं किंवा साहित्याचं काम चालतं, म्हणून मी वाजवू शकलो, आणि मानधन घ्यायचो तिथे लेखी परवानगी घेऊन घ्यायचो. दर लावून पेट्या दुरुस्त करणं हा सरळ धंदा. कुणीतरी तक्रार करेपर्यंत चालेल, आणि तक्रार करणारं माणूस प्रत्येक खात्यात असतं. फुकट दुरुस्त केल्यास तर वर नर्सताईंनी लिहिलंय तेच होईल. म्हणजे "संध्याकाळी पेट्या कर" हा घरच्यांचा मधला रस्ता दिसतो तसा मोकळा नाही. तुला एकच उचलावं लागेल, हे आधी मनाशी पक्कं कर.

तू विचारतोस, हे माझं काम की सवय. मिरजेचे तंबोरे घे. सतार आणि तंबोरा दोन्हींना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते करणारी घराणी मूळची शिकलगारांची, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. 19व्या शतकात हत्यारांचं काम आटलं तेव्हा पोटासाठी ते वाद्यांकडे वळले. त्यांना कुणाला स्वप्नात तंबोरा दिसला नव्हता. दुरुस्तीने सुरुवात झाली, हात बसला, कान बसला, पिढ्या गेल्या. आपण दीनानाथांची मंगेशी, केसरबाईंची केरी, मोगूबाईंची कुर्डी अशी गावं अभिमानाने मोजतो, मोजावीतच. पण त्या गळ्यांमागे जो तंबोरा झंकारत होता त्याची जवारी, म्हणजे तारेखालची घोडी घासून आणलेली ती गुंज, कुणीतरी लावून दिली होती. आपल्याकडे गाणारे भरपूर, वाजवणारे भरपूर. पेटी उघडून सूर बसवणारे किती उरलेत ते तुला माझ्याहून जास्त माहीत. माझा ऑर्गन बिघडला तर मला गोव्याबाहेर विचारावं लागतं.

एवढं सांगूनही "नोकरी सोड" असं मी म्हणणार नाही. आधी वही काढ. मागच्या दोन वर्षांत किती पेट्या आल्या, मजुरी किती आली, किती बुडाली, चामडं-सूर-सरस यांचा खर्च किती. त्यातून मामांचा वाटा बाजूला काढ, कारण ओसरी त्यांची आहे. जे उरेल ते, दर सुधारल्यावर, हातात पडणाऱ्या पगाराच्या तीन चतुर्थांशापर्यंत येत असेल, तर नोकरीकडे वळूनही बघू नकोस. तू एकटा आहेस, 27चा आहेस, आणि या कामाची मागणी कमी होण्याचं चिन्ह मला दिसत नाही. निम्म्यालाही पोचत नसेल तर खुशाल रुजू हो, ताठ मानेने हो, पण त्याआधी दुसऱ्या कुणालातरी वरचं सप्तक ऐकायला बसव. मामांना एकटं सोडून जाऊ नकोस. मुदतवाढीचा अर्ज आजच लेखी दे, विचार करायला वेळ मिळेल.

आणि मामांचं "घे" हे तुझ्यासाठी आहे. ते तुझ्या आईचे भाऊ आहेत, दुसरं काय म्हणणार? त्यांच्या कामासाठी त्यांना काय हवंय ते वेगळं विचार.

---

पेटीवाला_फोंडा

सगळ्यांचे आभार. पायपेटीकाका, नियम 15 मला माहीतच नव्हता. घरात वाचून दाखवला. आई गप्प झाली. बाबा म्हणाले, "मग एकच ठरव."

वही काढली. जुलै ते चवथ उत्तम, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, मार्च-एप्रिलमध्ये फार थोडं. आजच्या दरांनी तीन चतुर्थांश होत नाही, निम्म्याच्या वर जातं. पण बुडीत आणि "देवाचं काम" म्हणून सोडलेलं वेगळं लिहिलं तेव्हा मलाच धक्का बसला. ते वसूल झालं असतं तर काकांच्या आकड्याजवळ जातं. रात्रपाळीताई, दरपत्रक केलं आहे. मामांनी दोन आकडे खाली आणले, मी त्यातला एक परत वर नेला. ते काही बोलले नाहीत.

टेबलाच्या अलीकडेताई, तुमचं पटलं. माझ्या आजीच्या भाटाचं (माडांच्या बागेचं) म्युटेशन अडकलं होतं तेव्हा एका बाईंनी असंच लिहून दिलं होतं. नोकरीला मी कमी समजत नाही. मला ते टेबल तुमच्यासारखं सांभाळता येणार नाही असं मात्र वाटतं, आणि जो सांभाळेल त्याला ते मिळावं.

मुदतवाढीचा अर्ज दिला. नकाराचं पत्र अजून लिहिलेलं नाही, आईशी एकदा शांतपणे बोलायचं आहे. पण मन कुठे आहे ते कळलं.

मामांना काकांनी सांगितल्याप्रमाणे वेगळं विचारलं. बराच वेळ पेचकस पुसत बसले, मग म्हणाले, "मला ऑर्गनची कामं करायची होती. एकट्याला उचलत नाही म्हणून घेतली नाहीत." एवढ्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. काका, तुमच्या ऑर्गनला नेमकं काय झालंय? तो हवा आत ओढणारा आहे ना? आमच्या पेटीत हवा बाहेर ढकलली जाते, म्हणून आतली रचना आधी बघावी लागेल.

---

पायपेटी

हो, ओढणाराच. उजव्या पायटीची पट्टी तुटली आहे, भात्याचं कापड दुमडीवर विरलंय आणि मधल्या सप्तकातले दोन सूर बोलतच नाहीत. मला वाटतं धूळ अडकली असावी, पण खोलून बघ. दसऱ्याच्या आत हवा आहे, त्यानंतर नाटकांच्या तालमी सुरू होतात. टेम्पो मी करतो, उतरवायला तुझ्या गल्लीतली दोन पोरं सांगून ठेव. आणि दरपत्रकात ऑर्गनचा दर घाल, मी आलो की त्याप्रमाणेच देईन.